पात्र-अपात्र

पडद्यावर निळ्या चौकटीत ओळ आली:
हा संगणक नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही.
चष्मा पुसून पुन्हा वाचली.
पात्र नाही.
हा शब्द आमच्या कन्नमवार नगरात
कुणाला शिकवावा लागत नाही.
यादी लागते, माणसं बोटानं नाव शोधतात,
आणि तळमजल्यावरचे मांजरेकर
त्र्याऐंशी सालची भाडेपावती
प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवतात,
न विचारणाऱ्यालासुद्धा.

पावती याचीही आहे. मीच जपलेली.
लॅमिंग्टन रोड, दोन हजार अकरा,
मॉनिटरसकट एकवीस हजार चारशे,
माउसपॅड फुकट.

मुदस्सर अजून त्याच गाळ्यात बसतो.
फोनवर म्हणाला, काका, बोर्ड बदला,
रॅम बदला, प्रोसेसर तर बदलावाच लागेल.
मग जुनं राहिलं काय रे?
डबा, म्हणाला. आणि तुम्ही.

बिल्डरचा माणूसही असाच गोड बोलला होता,
नकाशा कॅरमबोर्डावर पसरून:
दोन लिफ्ट, खाली पार्किंग,
तीनच वर्षं बाहेर राहायचं.
समोरच्या बिल्डिंगच्या तीन वर्षांना
यंदा सहावं लागलं.

तशी मला घाई नव्हती.
सुरू व्हायला चहाला उकळी येईपर्यंत वेळ घ्यायचा,
पण व्हायचा.
बँकेचं पान तेवढं उघडेना.
म्हणे, तुमची खिडकी सुरक्षित नाही.
चौथ्या मजल्यावरची खिडकी,
आणि तिला ग्रिल आहे माझ्या पैशानं लावलेलं.

रविवारी वरच्या गोठणकरांची ओवी आली,
डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे,
गळ्यात पेनड्राइव्ह, मंगळसूत्रासारखा नाही, शिट्टीसारखा.
लिनक्स टाकूया काका.
किती?
फुकट.
मी उठून दार लोटून आलो.

पंधरा मिनिटांत पडदा असा लख्ख झाला
की त्यात माझा न केलेला दाढीचा गाल दिसला.
मग तिनं सोसायटीची फाइल उघडली.
चौदा वर्षांची इतिवृत्तं, सगळी माझ्या हातची.
डॉलरची चिन्हं. स्वल्पविराम. कॅपिटल एफ. मधेच टक्का.
ओवीचा चेहरा उतरला, करप्ट झाली काका, सॉरी.

नाही गं. जुना फॉन्ट आहे तो.
या घरात राहायला आला नाही, एवढंच.
मी बोटं कीबोर्डवर ठेवली, एकही कळ न दाबता,
आणि ज्या कळा आठवल्या त्या वाचत गेलो:
पाण्याच्या टाकीचं झाकण बसवण्याबाबत.
जिन्यात सायकली ठेवू नयेत याबाबत (पुन्हा एकदा).
सूचक श्री. मांजरेकर,
अनुमोदक श्री. तांडेल.
तांडेल तेव्हा श्री. होते.

ओवी एकदा पडद्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

मग तिनं डिस्कमध्ये भिंत घातली.
एका खोलीत जुनं, इंटरनेट तोडून,
दुसरीत नवं.
जुन्याला ऐंशी, नव्याला एकशेवीस.
कार्पेट की बिल्टअप, मी विचारलं.
तिला कळलं नाही, किंवा फार नीट कळलं.

आता बटण दाबलं की काळ्यावर दोन ओळी येतात
आणि खाली दहापासून उलटे आकडे.
काही निवडलं नाही, तर आपोआप नव्यात.
वीजबिल भरायचं असलं
की मी हात मांडीवर ठेवून बसतो, सभ्य पाहुण्यासारखा.
एरवी तीनपर्यंत थांबतो,
मग खालच्या बाणाची कळ.

मंगळवारी सर्वसाधारण सभा आहे.
संमतीपत्र टेबलावर पडलंय,
सहीसाठी एक रेघ,
आकडे नाहीत, बाण नाही.
सकाळी मांजरेकर आले, पेन मागून घेऊन गेले.
अजून परत आणलेलं नाही.
मीही मागायला गेलेलो नाही.